मक्केच्या लोहाराची थकलेली मजुरी

१/ सातव्या शतकाच्या आरंभीची मक्का ही व्यापाऱ्यांची नगरी होती. तेथे माणसाचे संरक्षण करी ती त्याची टोळी. खब्बाब इब्न अल-अरत्त यांच्यामागे अशी टोळी नव्हती. गुलाम म्हणून ते मक्केत विकले गेले. उम्म अनमार ही त्यांची मालकीण, आणि तलवारी घडवणे हा त्यांचा व्यवसाय.

२/ प्रेषित मुहम्मदांच्या अगदी पहिल्या अनुयायांत खब्बाब यांची गणना होते. प्रतिष्ठित घराण्यांतील नवमुस्लिमांना कुळाचा आधार होता. त्यामुळे छळाचा सर्वाधिक भार बिलाल, अम्मार, खब्बाब अशा निराधारांवर पडला. खब्बाब यांच्या पाठीवर निखाऱ्यांचे व्रण अखेरपर्यंत राहिले, असे परंपरा सांगते.

३/ छळाचा दुसरा मार्ग आर्थिक होता. अल-आस इब्न वाइल या कुरैशी धनिकाकडे त्यांची मजुरी थकली होती. मुहम्मदांना नाकारल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, असे त्याने बजावले. तू मरून पुन्हा उठलास तरी नाकारणार नाही, असे खब्बाब उत्तरले. तेव्हा अल-आस उपहासाने म्हणाला की, मग पुन्हा उठल्यावर माझ्यापाशी धन असेलच, तेव्हाच देणे फेडीन! कुराणाच्या १९ व्या अध्यायातील ७७ ते ८० या आयतींचा संबंध याच प्रसंगाशी जोडला जातो.

४/ उमर यांच्या धर्मांतराच्या प्रसिद्ध कथेतही खब्बाब आहेत. उमर यांची बहीण फातिमा आणि तिचे पती सईद यांना ते कुराण शिकवत होते. संतप्त उमर दाराशी येताच ते आत लपले. समाजाने ज्याला तळाशी ठेवले, तो लोहार येथे कुरैशांच्या घरात गुरू होता.

५/ इ.स. ६२२ च्या स्थलांतरानंतर खब्बाब मदिनेत आले आणि बद्रच्या लढाईत लढले. पुढे साम्राज्य विस्तारले. इराकमधील कूफा येथे वृद्ध खब्बाब यांच्यापाशी संपत्ती आली. समाधान मात्र नव्हते.

६/ त्यांना आठवत असत मुसअब इब्न उमैर. ६२५ मध्ये उहुदच्या रणात ते पडले, तेव्हा कफनाला एकच तोकडे वस्त्र होते. डोके झाकले की पाय उघडे पडत. शेवटी पायांवर गवत घालावे लागले. मुसअब काहीही न उपभोगता गेले. आपल्याला कष्टांचे फळ इहलोकीच तर मिळून गेले नाही ना, ही भीती खब्बाब यांना होती.

७/ इ.स. ६५७ च्या सुमारास कूफा येथे त्यांचे निधन झाले. अल-आसचा पुत्र अम्र तोवर इजिप्तचा विजेता म्हणून ख्यात झाला होता. पित्याने बुडवू पाहिलेल्या मजुरीची आठवण मात्र त्या लोहाराच्याच कथनातून टिकून राहिली.