‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते का? दक्षिण आफ्रिकेतील वकिलीची ११५ वर्षे

१/ सन १९०९. जोहान्सबर्गमध्ये मोहनदास गांधी यांच्या वकिलीच्या कचेरीत सोन्या श्लेसिन ही विशीतील तरुणी चिटणीस म्हणून काम करीत होती. तिला वकील व्हायचे होते आणि गांधी तिला उमेदवार म्हणून घेण्यास तयार होते. मात्र ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने कराराची नोंद नाकारली. न्यायालयानेही तिचा अर्ज फेटाळला. स्त्रीने उमेदवारी करावी, असा विचार कायद्याने कधी केलाच नव्हता, ही त्यामागची भूमिका.

२/ ही उमेदवारी म्हणजे केवळ उपचार नव्हता. मुरलेल्या वकिलाच्या हाताखाली ठरावीक वर्षे काढल्याशिवाय सॉलिसिटरची सनद मिळत नसे. पहिली पायरीच काढून घेतली की पुढच्या पायऱ्यांवर स्त्रियांना मज्जाव आहे, असे वेगळे लिहिण्याची गरजच उरत नाही.

३/ १९१२ मध्ये केप प्रांतातील मॅडलिन वूकी यांनी हाच प्रश्न पुन्हा न्यायालयात नेला. प्रांतिक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपील न्यायालयाने तो फिरवला. कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द असला, तरी रोमन-डच विधिपरंपरेनुसार त्यात स्त्री अभिप्रेत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

४/ त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. तेथील सहकाऱ्यांचे मूल्यमापन करताना गोखल्यांनी पहिले स्थान श्लेसिन यांना दिले, अशी नोंद गांधींनी करून ठेवली आहे. वकिलीचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही. पुढे त्या शिक्षकी पेशाकडे वळल्या.

५/ अखेर १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा केला. योगायोग असा, की भारतातही तसाच कायदा १९२३ मध्येच झाला. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ज्यासाठी अनेक वर्षे वाट पाहिली, तो अधिकार त्या कायद्याने दिला.

६/ दक्षिण आफ्रिकेत या मुभेचा लाभ प्रथम मिळाला तो श्वेतवर्णीय स्त्रियांना. इतरांपुढे वर्णभेदाची भिंत होतीच. डर्बनच्या तमिळ कुटुंबातील नवी पिल्ले यांना पदवी घेऊनही कोणतीही वकिली पेढी नोकरी देईना. श्वेतवर्णीय कर्मचारी त्यांच्या हुकमाखाली कसे काम करणार, ही पेढ्यांची अडचण! १९६७ मध्ये पिल्ले यांनी नाताळमध्ये स्वतःची कचेरी थाटली. कायदा होऊन तोवर ४४ वर्षे लोटली होती.

७/ न्यायासनाची वाट याहून अरुंद होती. न्यायाधीश निवडले जात ते ज्येष्ठ वकिलांमधून. ज्येष्ठतेसाठी मोठे खटले हवेत आणि मोठे खटले मिळण्यासाठी पेढ्यांचा विश्वास. पहिली स्त्री न्यायाधीश, लिओनोरा व्हॅन डेन हीव्हर, १९६९ मध्ये नेमली गेली. वर्णभेदी राजवट संपली, तेव्हाही न्यायासनावर जवळजवळ सर्वत्र श्वेतवर्णीय पुरुषच होते.

८/ १९९४ मध्ये नव्या संविधान न्यायालयासाठी ११ न्यायाधीश निवडले गेले. त्यांत स्त्रिया दोनच : इव्हॉन मोकगोरो आणि केट ओ’रिगन. १९९६ च्या संविधानाने नेमणुकांचा नियमच बदलला. न्यायाधीश नेमताना न्यायसंस्थेत देशाच्या वांशिक आणि लिंगविषयक रचनेचे प्रतिबिंब पडावे, या गरजेचा विचार करणे कलम १७४ नुसार बंधनकारक झाले.

९/ तरीही २०२२ मध्ये सरन्यायाधीशपदाच्या मुलाखतीत मंडिसा माया यांना विचारले गेले, की देश स्त्री सरन्यायाधीशासाठी तयार आहे का? आयोगाने शिफारस त्यांचीच केली, परंतु राष्ट्राध्यक्षांनी रेमंड झोंडो यांना नेमले. माया आधी उपसरन्यायाधीश झाल्या आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी देशाच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश. १९२३ च्या कायद्याला तेव्हा १०१ वर्षे झाली होती.

१०/ १९०९ मध्ये प्रश्न होता : कायद्याने स्त्रीचा विचार केला आहे का? २०२२ मध्ये तो झाला : देश तयार आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संसदेला एका कायद्याने देता आले. दुसरा प्रश्न कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो. पुरुष उमेदवाराला तो कधी विचारला जात नाही, आणि म्हणूनच तो रद्द करणे अधिक अवघड असते.