मऊ आणि कापरे

संस्कृत ‘कम्प्’ हा धातू मराठीत दोन वाटांनी आला. भूकंप, कंपन, कंपवात हे शब्द थेट ग्रंथांतून आले. कापरे, थरकाप, हातपाय कापणे हे लोकांच्या तोंडून झिजत आले. भाजी कापण्यातलं ‘कापणे’ मात्र वेगळ्या कुळातलं, ‘कल्पयति’पासून प्राकृत ‘कप्पेइ’मार्गे आलेलं. ‘अनुकंपा’ ही कम्प् धातूचीच लेक: दुसऱ्याचा थरकाप पाहून आपणही कापणे. एवढा मोठा शब्द सरकारी कचेरीत नोकरीच्या अर्जापुरता उरावा, याचं वाईट वाटतं.

‘मऊ’ आला ‘मृदु’पासून, ‘माती’ ‘मृत्तिके’पासून. दोन्हींच्या मुळाशी जुने वैयाकरण चुरडणे, मर्दन करणे हा अर्थ सांगतात. म्हणजे मऊ ते, जे दाबाखाली आपला आकार सोडतं.

कंप आणि मऊपणा एकत्र आले की पदार्थाच्या पोटात काय होतं, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिथे क्ष-किरण लागतात. १८९५ साली राँटगेन यांना हे किरण सापडले. त्यांचं स्वरूप कळेना, म्हणून त्यांनी अज्ञात राशीचं ‘एक्स’ हे अक्षर त्यांना दिलं. मराठी बीजगणितात अज्ञात राशी ‘क्ष’ असल्यामुळे आपल्याकडे ते क्ष-किरण झाले. पोटातला कंप पाहण्यासाठी ओल्या मातीचा किंवा जेलीसारख्या पदार्थाचा नमुना ठरावीक गतीने हलवतात आणि प्रत्येक आवर्तनात नेमक्या त्याच क्षणी क्ष-किरणांचं चित्र टिपतात. दाट कण किरण जास्त शोषतात, त्यामुळे ते वेगळे उठून दिसतात. कोणता कण किती सरकला, हे चित्रं ताडून पाहिली की कळतं.

औसा तालुक्यातल्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा भिंतींच्या पोटातही असंच सरकणं झालं आणि आतला भाग आधी सैल झाला. घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, पण दगडाला दगड जोडणारी होती ती माती. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नसल्यामुळे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगल्या आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली.

म्हणून जुन्या घराची भिंत किती रुंद आहे, एवढंच पाहून भागत नाही. दगड कशाने धरले आहेत आणि आरपार दगड घातले आहेत का, हे गवंड्याला विचारून घ्यावं. भिंत दगडाची म्हटली तरी हादऱ्यात तिचं बळ त्या मऊ मातीइतकंच असतं.