सुकाणू आणि कोठार

पेढीवरील मुनीम बदलला म्हणून पेढीच्या वह्या कोणी टाकून देत नाहीं. माणसें येतात आणि जातात. हिशेब मात्र टिकावा लागतो. संगणकांच्या जगांत हीच साधी गोष्ट नीट बसवितांना सुमारें दहा वर्षें गेलीं.

२०१४ सालीं गूगलनें 'कुबरनेटीज' हें सॉफ्टवेअर सर्वांस खुलें केलें. त्याचा मूळ कोड कोणासही वाचतां व सुधारतां येतो. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाण्या. शेंकडों संगणकांपैकीं कोणत्या संगणकावर कोणता प्रोग्रॅम चालावा, हें हा सुकाण्या ठरवितो. एखादें यंत्र बंद पडलें, तर तेथील प्रोग्रॅम तो दुसऱ्या यंत्रावर नव्यानें उभा करितो. युक्ति नामी खरी; परंतु प्रोग्रॅम दुसरीकडे गेला, तरी त्यानें जुन्या यंत्राच्या डिस्कवर लिहिलेली माहिती तेथेंच पडून राही. यंत्रांपासून स्वतंत्र असें कोठार हवें होतें.

असें एक कोठार अमेरिकेंत आधींच तयार झालें होतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेंत सेज वाइल यांनीं डॉक्टरेटच्या संशोधनांतून 'सेफ' ही खुली साठवणपद्धति निर्माण केली. तिजवरील निबंध २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. सेफ माहितीचे तुकडे करून प्रत्येकाच्या प्रती, बहुधा तीन, निरनिराळ्या यंत्रांवर ठेविते. कोणता तुकडा कोठें आहे, याची एकच मोठी नोंदवही नसते. तुकड्याचें नांव आणि यंत्रांचा नकाशा यांवरून गणितानेंच ठिकाण निघतें. त्यामुळें एक यंत्र निकामी झालें, तरी सारें अडत नाहीं.

आतां सुकाण्याची आणि कोठाराची सोयरीक जुळवावयाची होती. कुबरनेटीजनें आरंभीं सेफसारख्या अनेक पद्धतींशीं बोलणारा कोड आपल्याच पोटांत घेतला. परिणाम असा झाला कीं, कोठारवाल्यांस एखादी चूक दुरुस्त करावयाची, तरी कुबरनेटीजच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागे. आणि त्यांच्या कोडांतील दोष मूळ यंत्रणेसही बाधूं शके.

तेव्हां कुबरनेटीज, मेसॉस, डॉकर व क्लाउड फाउंड्री येथील मंडळींनीं मिळून 'कंटेनर स्टोअरेज इंटरफेस' हा करार रचला. जागा निर्माण करा, ती यंत्रास जोडा, सोडवा, नष्ट करा, अशा मोजक्या आज्ञांची ती समाईक भाषा. डिसेंबर २०१८ मध्यें कुबरनेटीजनें ती कायम स्वरूपांत स्वीकारली. प्रोग्रॅमनें केवळ मागणीपत्र द्यावें. जागा कोणत्या कोठारांतून आली, हें त्यानें पाहावयाचें कारण नाहीं. पुढें 'रुक' या खुल्या सॉफ्टवेअरनें सेफचा कारभारच कुबरनेटीजवर चालविला. २०२० मध्यें क्लाउड नेटिव्ह कंप्यूटिंग फाउंडेशननें त्यास परिपक्व ठरविलें. अखेर २०२४ मध्यें सेफसंबंधीचा जुना कोड कुबरनेटीजच्या पोटांतून काढून टाकण्यांत आला.

तथापि करारानें काळजी संपत नाहीं. मागणीपत्र रद्द झाल्यावर जागा राखावी कीं नष्ट करावी, हें आधींच सांगावें लागतें. मागणीबरोबर आपोआप निर्माण झालेल्या जागेविषयीं कांहींच सांगितलें नसेल, तर 'नष्ट करावी' असाच अर्थ घेतला जातो. आणि मग एका आज्ञेसरशीं तिन्ही प्रती जातात. यंत्र बिघडलें तर प्रती तारतात. माणूस चुकला तर अन्यत्र जपलेली नक्कलच तारते. मुनीम कितीहि कुशल असो, वह्यांची दुसरी प्रत वेगळ्या तिजोरींत ठेवण्याचें शहाणपण पेढीच्या मालकाचेंच.