'चोवीस तासांची बाई' : निवासी घरकामाच्या इतिहासातील एक न मोजलेली बाब

प्रस्तावना

महाराष्ट्रातील श्रमाच्या इतिहासलेखनात गिरणी कामगार, शेतमजूर आणि हमाल यांना त्यांचे स्थान मिळाले आहे. मालकाच्याच छपराखाली राहून राबणारा नोकर मात्र त्यात क्वचितच आढळतो. याचे एक कारण साधनांच्या अभावात आहे. गिरणीला हजेरीपट असतो, घराला तो नसतो. प्रस्तुत लेखात पेशवेकाळापासून आजपर्यंतच्या काही टप्प्यांच्या आधारे 'घरात राहणे' या एकाच अटीचा विचार केला आहे. निवासी नोकर ठेवणारा मालक केवळ धुणे, भांडी वा स्वयंपाक विकत घेत नाही. तो नोकराचे हाकेच्या अंतरावर असणे विकत घेतो, आणि नेमकी हीच गोष्ट हिशेबात धरली गेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कुणबिणी आणि १८४३ चा कायदा

अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द वारंवार येतो. शेतकरी कुणबी समाजातील स्त्री हा त्याचा मूळ अर्थ. परंतु या कागदपत्रांत तो बहुधा दासी या अर्थाने योजलेला आहे, हे नवख्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे लागते. या स्त्रिया विकल्या जात, भेट म्हणून दिल्या जात. व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेल्या स्त्रियांनाही सरकारी कुणबिणी केले जाई. सरकारी कोठ्या, पागा व किल्ले येथे त्या राबत, तशाच सरदारांच्या आणि सुखवस्तू गृहस्थांच्या घरीही. मोबदला म्हणजे अन्नवस्त्र. सुटका मिळे ती बहुधा म्हातारपणी, किंवा रक्कम भरून वा बदली बाई देऊन. घरात आणावयाच्या कुणबिणीच्या जातीला महत्त्व होते, कारण पाण्याला आणि भांड्यांना तिचा स्पर्श होणार होता.

कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याला दास्यमुक्तीचा कायदा म्हणण्याची पद्धत आहे. त्याचे स्वरूप पाहता हे वर्णन सढळ वाटते. दासावरील मालकीहक्काची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत, महसुलासाठी वा हुकूमनाम्यासाठी माणूस विकला जाणार नाही, दासाने कमावलेली मालमत्ता दास्याच्या कारणावरून हिरावता येणार नाही आणि स्वतंत्र माणसाबाबत जो गुन्हा तो दासाबाबतही गुन्हाच, एवढ्या चार गोष्टी त्याने सांगितल्या. दास बाळगणे हा गुन्हा त्याने ठरवला नाही. दास म्हणून माणसाची खरेदी-विक्री दंडनीय झाली ती १८६० च्या दंडसंहितेने, जी १८६२ पासून अमलात आली. मालकाचा हक्क कायद्याने काढून घेतला. परंतु जी बाई त्याच घरात राहिली, तिला वेतन किती व विसावा केव्हा, याविषयी तो काहीच बोलला नाही. तिचे नाव तेवढे बदलले. ती 'आश्रित' झाली. पुढेही गावाकडून आणलेली पोरकी मुलगी किंवा दूरच्या नात्यातील विधवा याच शब्दाच्या आडोशाने कित्येक घरांत बिनपगारी राबली.

मुंबईचा घरगडी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई वाढली, तसा रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचा ओघ गिरण्यांकडे आणि घरांकडेही वळला. घरगड्याला रोख पगार होता, आणि १८८० मध्ये मनीऑर्डरची सोय झाल्यावर तो गावी पोहोचवणे सुकर झाले. हा फरक लहान नव्हे. मात्र त्याची निजण्याची जागा म्हणजे जिना, पडवी किंवा स्वयंपाकघराची फरशी. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या अखेरच्या पाहुण्यापर्यंत त्याचा दिवस चाले. मुंबईत गड्याला सरसकट 'रामा' म्हणण्याचा प्रघात पडला होता. ज्याला स्वतःच्या नावाने हाक मारण्याची गरज वाटत नाही, त्याच्या कामाचे तास कोण मोजणार?

पुण्याचा संप आणि त्याबाहेर राहिलेल्या

घरकामात पुढे स्त्रियांचे प्रमाण वाढले. १९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण कुटुंबे शहरांकडे लोटली. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला. पगारवाढ आणि सुट्टी या त्यांच्या मागण्या होत्या. हा संप कोणी करू शकले, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. चार घरची कामे करून संध्याकाळी वस्तीत परतणाऱ्या बायकांना नळावर, गल्लीत एकमेकींशी बोलता येत होते. एका घरचे काम सुटले तरी तीन उरत. निवासी बाईला काम सोडणे म्हणजे त्याच दिवशी छप्परही सोडणे होते. 'आमच्या घरच्यासारखीच आहे' हे वाक्य तिच्याबाबत प्रेमानेही उच्चारले जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु घरच्या माणसाला रजा मागावी लागत नाही.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ मध्ये झाला. नोंदणी, अपघातात साहाय्य, प्रसूतीसाठी व मुलांच्या शिक्षणासाठी मदत अशा तरतुदी त्यात आहेत. तत्पूर्वी १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली होती. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहते घर हेदेखील कामाचे ठिकाण मानले. ही मान्यता विलंबाने आली, तरी मोलाची आहे. तथापि २००८ चा अधिनियम कल्याणाचा आहे, सेवाशर्तींचा नाही. कामाचे तास तो ठरवत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये संमत केलेला १८९ क्रमांकाचा करार या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, विश्रांतीच्या काळात त्या घरातच थांबण्याची सक्ती नसणे आणि ओळखीची कागदपत्रे स्वतःजवळ बाळगण्याचा हक्क या गोष्टी त्यात आहेत. शिवाय, ज्या वेळात नोकराला स्वतःच्या मर्जीने वागता येत नाही व बोलावणे येईल म्हणून सज्ज राहावे लागते, तो वेळ राष्ट्रीय कायदा ठरवील त्या मर्यादेपर्यंत कामाचाच धरावा, असे त्यात म्हटले आहे. भारताने कराराच्या बाजूने मत दिले. अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास तज्ज्ञसमिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. दरम्यान पुण्यामुंबईत अशी बाई शोधताना कुटुंबे आजही 'चोवीस तासांची बाई' हवी असे म्हणतात, आणि पगार महिन्याचा ठरतो.