व्होरोब्योव, इल्या पेत्रोविच

(१६ मार्च १९७५ – ). निवृत्त रशियन व्यावसायिक आइस हॉकीपटू व प्रशिक्षक. जन्म रिगा (तत्कालीन सोव्हिएत संघ, आता लॅटव्हिया) येथे. वडील प्योत्र व्होरोब्योव नामांकित प्रशिक्षक. १९९७ मध्ये यारोस्लाव्हलच्या तोर्पेदो संघाला त्यांनी रशियाचे विजेतेपद मिळवून दिले. ७ सप्टेंबर २०११ च्या विमान अपघातात याच क्लबचा (तोवर नाव लोकोमोतिव्ह) जवळजवळ सगळा संघ दगावला, तेव्हा नवा संघ उभा करण्याची जबाबदारीही त्यांनीच उचलली.

इल्या आघाडीला खेळत. त्यांच्या खेळाची महत्त्वाची वर्षे जर्मनीत गेली. तेथील व्यावसायिक लीग १९९४ मध्ये नव्याने सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालाने युरोपीय संघातील इतर देशांच्या खेळाडूंवरची बंधने सैलावली. पूर्वीच्या सोव्हिएत संघातील अनेक खेळाडूंनी या काळात जर्मनीची वाट धरली. इल्या फ्रँकफुर्ट लायन्सकडून खेळले. काही काळ संघाचे प्रशिक्षकपद वडिलांकडेच होते.  शहराच्या पूर्वेला राट्सवेगवरची बर्फाची रिंक हे लायन्सचे मैदान होते.

खेळाडू म्हणून त्यांना सर्वांत मोठे यश मात्र क्रेफेल्ड शहरात लाभले. जर्मन लीगच्या २००३ च्या अंतिम मालिकेत क्रेफेल्ड पिंग्विन संघाने कोलोनला ३–२ असे हरवले. या शहराला हे विजेतेपद १९५२ नंतर प्रथमच मिळत होते. शेजारच्या बड्या क्लबला पाचव्या सामन्यापर्यंत खेचून नमवणाऱ्या त्या संघातले स्थान हा इल्या यांच्या खेळाडूपणाचा खरा दाखला मानायला हवा. प्रशिक्षकपदाच्या झगमगाटात त्याची नोंद फार त्रोटक घेतली जाते.

निवृत्तीनंतर ते उरलमधील पोलादनगरी माग्नितोगोर्स्कच्या मेटालुर्ग संघात कॅनेडियन प्रशिक्षक माइक कीनन यांचे सहायक झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये कीनन यांना हटवल्यावर संघ इल्या यांच्याकडे आला. एप्रिल २०१६ मध्ये गागारिन चषकाची (कॉन्टिनेन्टल हॉकी लीगच्या विजेतेपदाची) अंतिम मालिका मॉस्कोच्या सेएसका संघाविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेली. या खेळात चालू सामन्यातच आघाडीचे त्रिकूट पाऊण मिनिटात बदलते, म्हणून कोणाला कोणासमोर उतरवायचे हे प्रशिक्षकाला क्षणात ठरवावे लागते. मोझ्याकिन, कोवार्झ आणि झारिपोव हे त्रिकूट त्यांच्या हाती होते. मॉस्कोत, प्रतिस्पर्ध्याच्या रिंकवर, मेटालुर्गने चषक जिंकला.

२०१८ मध्ये रशियाचा राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे सोपवण्यात आला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत संघाने साखळीतले सातही सामने जिंकले, उपांत्य फेरीत फिनलंडकडून ०–१ अशी हार पत्करली आणि कांस्यपदक मिळवले. पुढे ते माग्नितोगोर्स्कला परतले. २०२२ च्या गागारिन चषकाच्या अंतिम मालिकेत ३–१ अशी आघाडी असूनही त्यांचा संघ सेएसकाकडून ३–४ असा हरला.