थंड पाण्याचे गाव

माझ्या आजीच्या बोलण्यात ‘पिलेगाचं साल’ नेहमी येई. आढ्यावरून उंदीर पडून मेला, की बेळगावातली माणसे घराला कुलूप लावून शेतात झोपड्या घालून राहत. ‘घर आपलं, पण राहायचं की नाही ते उंदीर ठरवणार,’ असे ती म्हणे. पुढे जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा आजीचा हा उंदीर मला एका अगदी दूरच्या शहराच्या जन्मकथेत भेटला. ते शहर म्हणजे केनियातील नैरोबी.

मसाई भाषेत या नावाचा अर्थ ‘थंड पाणी’. शहर वसवावे असे तिथे कोणाच्याही मनात नव्हते. १८९६ साली मोंबासाच्या बंदरापासून इंग्रजांनी रेल्वे घालायला घेतली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले. ते बहुतेक पंजाबातले. १८९९ च्या मे महिन्यात रूळ ३२७ व्या मैलावर पोहोचले. पुढे अवघड चढ होता, म्हणून सपाट जागा पाहून इंजिने, डबे आणि सामान ठेवायला तळ टाकला. जागा निवडली ती रेल्वेच्या इंजिनियरांनी. माणसांना ती मानवेल का, हे कोणी पाहिले नाही. जमीन दलदलीची. बराचसा भाग आपल्याकडच्या काळ्या जमिनीसारखा, पावसाचे पाणी धरून बसणारा.

तीनच वर्षांत, १९०२ साली, हिंदी व्यापाऱ्यांच्या बाजारात प्लेग शिरला. अधिकाऱ्यांनी बाजारच जाळून टाकला. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या नावाखाली घराघरांत काय झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. रोगाशी लढताना रोग्याच्या घरावर चालून जायचे, ही रीत समुद्रापलीकडेही तीच होती. गाव इथून हलवावे, असे डॉक्टर म्हणत राहिले. १९०७ साली तिथे गेलेल्या चर्चिल यांनीही जागा रोगट असल्याचे लिहिले. पण आता बदलायला उशीर झाला, असा शेराही मारला. गाव जन्मून तेव्हा आठच वर्षे झाली होती!

१९१३ साली प्रोफेसर सिम्पसन आले. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी म्हणून त्यांनी पूर्वी काम केले होते. रोग टाळायचा तर वंशावार वस्त्या वेगळ्या कराव्यात, हा त्यांचा सल्ला. मग पश्चिमेची उंच, निचऱ्याची जमीन गोऱ्यांची झाली आणि आफ्रिकन माणसाच्या वाट्याला पूर्वेचा सखल भाग आला. शिवाय तो शहराचा रहिवासी मानलाच गेला नाही. मजुरीपुरता यायचे, खोलीत एक खाट मिळवायची आणि काम संपले की गावी परतायचे, अशी त्याच्याकडून अपेक्षा. जो मुक्कामालाच नाही, त्याच्यासाठी मोरी कोण बांधणार?

१९६३ साली स्वातंत्र्य आले आणि माणसे मोकळेपणाने शहरात येऊ लागली. १९६९ च्या शिरगणतीत नैरोबीची वस्ती पाच लाख नऊ हजार होती; २०१९ मध्ये ती जवळजवळ चव्वेचाळीस लाख झाली. राज्यकर्ते बदलले, पण मोऱ्यांचा नकाशा फारसा बदलला नाही. किबेरा ही मुळात सुदानी सैनिकांना राहायला दिलेली जंगलाची जागा. पण जमिनीचे कागद कित्येक दशके त्यांच्या नावावर झाले नाहीत. पुढे तिथे झोपड्यांचा समुद्र पसरला, तरी सरकारदप्तरी ती वस्ती बेकायदाच राहिली. वस्ती बेकायदा, म्हणून नळ नाही. नळ नाही, म्हणून पाणी डब्याने विकत, तेही बंगल्यातल्या नळापेक्षा कित्येक पट महाग. रात्री बाईमाणसाने अंधारात दूरच्या संडासात जायचे कसे? म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत विधी उरकून ती बाहेर भिरकावायची. तिकडे याला ‘उडते संडास’ म्हणतात. नाव ऐकून हसू येते. पण त्या बाईच्या जागी आपल्या घरातली लेक-सून आठवून पाहावी.

शहराचा केरही पूर्वेलाच गेला. दांडोरा येथील उकिरडा १९७० च्या दशकात सुरू झाला आणि २००१ साली भरल्याचे जाहीर झाले, तरी गाड्या येतच राहिल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आसपासच्या ३२८ मुलांची तपासणी झाली होती; निम्म्या मुलांच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीला किंवा तिच्यावर होते. ही पाहणी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने करविली होती. तिचे मुख्य कार्यालय त्याच नैरोबीत आहे.

चित्र सगळेच काळे नाही. २०१७ साली मुकुरू या मोठ्या झोपडवस्तीसाठी शहराने खास नियोजन जाहीर केले आणि रस्ते, पाणी, मोऱ्या यांचा आराखडा करताना तिथल्याच रहिवाशांना विचारले. आधी माणसाला रहिवासी म्हटले, मग मोरीचा विचार झाला. हा क्रम लावायला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

‘ती माणसंच घाणेरडी’ असे आपण किती सहज म्हणतो! आमच्या गावातही कॅम्पातले रुंद रस्ते आणि जुन्या पेठांतल्या बोळांची गटारे एकाच राजवटीत वाढली. आजीच्या घरातल्या उंदराला दोष देण्याआधी, तिच्या गल्लीपर्यंत गटार कोणी येऊ दिले नाही, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते.