तृतीयांशाचा आवाज

वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी आमच्याकडून घोकून घेतली. तृतीयांशाचा पाढा मात्र कुणी शिकविला नाही. पुढे नोकरीनिमित्त भिलाईस आलो. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या गावी टनाखालचे माप कुणाच्या खिजगणतीत नसे. २०१६ साली या गावाच्या नावाची भारतीय तंत्रज्ञान संस्था निघाली आणि आमच्या घरांतही सूक्ष्माच्या गोष्टी निघू लागल्या. त्यांपैकी एक ही.

विद्युत्‌भार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या पूर्ण पटीतच आढळतो, हे मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून दाखविले होते. १९८२ साली त्सुई, श्टोर्मर व गोसार्ड यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये कोंडलेला इलेक्ट्रॉनांचा पातळ थर अतिशीत करून प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवला. तेव्हा आडव्या दिशेची वाहकता मूळ एककाच्या एक तृतीयांशावर स्थिरावली. पुढील वर्षी लाफलिनने खुलासा केला : इलेक्ट्रॉन फुटत नाही, असंख्य इलेक्ट्रॉनांच्या एकवटलेल्या हालचालीतून तृतीयांश भाराचा जणू नवा कण उद्भवतो.

परंतु वाहकतेचा आकडा हा भाराचा पुरावा नव्हे. एकूण प्रवाहावरून कण केवढा, हे कळत नाही. सायकलींच्या पत्र्याच्या छपरावरील पाऊस आठवावा. पाणी तेवढेच पडले, तरी झिमझिमीची सळसळ निराळी आणि टपोऱ्या थेंबांचा ताशा निराळा. विद्युत्‌प्रवाहातही अशी खळबळ असते. शास्त्रज्ञ तिला 'आवाज'च म्हणतात. त्याच प्रवाहात कणाचा भार जितका मोठा, तितका आवाज मोठा, हे शॉट्कीने १९१८ सालीच सांगितले होते.

१९९७ साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेत हाइब्लुम यांच्या आणि फ्रान्समध्ये साक्ले येथे ग्लॅतली यांच्या गटाने हीच युक्ती योजिली. या थरात प्रवाह काठाकाठाने वाहतो. दोन काठ चिंचोळ्या खिंडीत जवळ आणले, की एखादा कण अडसर भेदून पलीकडे जातो. त्या तुरळक उड्यांचा आवाज मोजला, तो अखंड इलेक्ट्रॉनांच्या आवाजाचा तिसरा हिस्सा भरला! १९९८ साली लाफलिन, श्टोर्मर व त्सुई यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मिलिकन खोटा ठरला नाही. एकटा इलेक्ट्रॉन अजूनही अखंडच आहे. तृतीयांश हा समुदायाचा गुण. नाना प्रांतांच्या माणसांतून या गावाला असा एक स्वभाव आला, जो त्यांपैकी कुणीही घरून आणला नव्हता. त्या गावात राहणाऱ्या आम्हांस हे समजण्यास अवघड जाऊ नये.